तुम्ही ऐकता काय?

मोदी नंबर तीनच्या गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात
पौनीकरांनी काचेवर तीन हेडफोन मांडले
आणि किंमत न सांगता विचारलं,
"ताई, तुम्ही ऐकता काय?"

मी म्हटलं, "सगळंच."
मुलाखतीत छंद विचारला की "वाचन" म्हणतात, तसं.

"सगळं ऐकणाऱ्याले कोणताही चालते.
चौकातून दोनशेवाला घेऊन जा मग."

बाहेर मे महिना, सत्तेचाळीस.
पर्समध्ये पहिला पगार, म्हणजे
खोलीचं भाडं, आईचा चष्मा, मेसची थकबाकी जाऊन
उरलेले नऊ हजार दोनशे.
मी हलले नाही.

"खोलीत कूलर आहे?"
आहे. खिडकीत, पत्र्याचा,
रात्रभर घाट चढणाऱ्या ट्रकसारखा.
"मग हा उघड्या पाठीचा बाद.
आवाज मोकळा, अंगणात बसल्यावानी,
पण अंगण म्हटलं की शेजारीही आले."
दुसरा जड. "याले तुमचा मोबाइल ओढत नाही.
हत्ती घ्याल, मग उसाचं वावर घ्या लागते."
तिसरा बंद पाठीचा, काळा,
वर्गात हजेरीला कुणाला आठवू नये असा.

"कानातले काढा. चष्म्याची दांडी वर घ्या.
आता पंधरा मिनिटं बसा.
माणूस काय अन् हेडफोन काय,
टोचते ते पंधरा मिनिटांनंतरच.
अन् तुमचंच काही लावा, माझं नको.
पाठ असलेलं.
ओळखीच्या घरातच बल्ब बदललेला कळते."

पाठ असलेलं.
मी फोन त्यांना दिसणार नाही असा वळवला
आणि लावलं ढेंगरे सरांचं
राज्यव्यवस्था, भाग एकतीस.

सहा वर्षं ऐकलंय मी ते, पावणेदोनच्या वेगानं,
लायब्ररीच्या पायऱ्यांवर, सिटी बसमध्ये, कणीक मळताना,
एका कानानं,
कारण डावी वायर दुसऱ्याच वर्षी गेली
आणि नवी घ्यायची ती निकालानंतर, असं दर निकालाला ठरायचं.

आज घाई नव्हती. वेग एकवर आणला.
सर बोलू लागले.
इतका सावकाश होता हा माणूस!
कलम दोनशे ऐंशी, वित्त आयोग.
खडू थांबला. बाटलीचं झाकण फिरलं,
एक घोट,
आणि घोटानंतर उसासा, बारीकसा,
जो अभ्यासक्रमात नव्हता.

डावीकडे पंखा होता, एक पातं घासणारा.
त्या वर्गाला डावी बाजू होती
हेच मला माहीत नव्हतं.
तिथूनच, बरीच मागून, एक मुलगी म्हणाली,
"सर, परत सांगा ना."

सरांना ऐकू गेलं नाही.
मलाही, सहा वर्षं.
मी मान वळवून मागे पाहिलं, त्या दुकानात.
मागे चार्जर टांगलेले.

पौनीकरांनी बोटानं काच वाजवली असावी,
मला फक्त त्यांचे ओठ दिसले. काढून विचारलं, काय?
"डोळे भरून आले म्हटलं. भारी गाणं दिसते."
मी हो म्हटलं.

तिसराच घेतला, सात हजार आठशेला.
पावती फाडता फाडता ते म्हणाले,
"हा काही शेवटचा नाही.
कान शिकले की तेच घेऊन येतात माणसाले, भांडाले."

रात्री हनुमाननगरच्या खोलीत
कूलर एकदम कोराडीपर्यंत मागे सरला.
फोनमध्ये दोनशे चौदा फायली, सगळ्या सरांच्या.
मी काहीच लावलं नव्हतं.
काय लावायचं ते सुचत नव्हतं.
समोर सुगंधा, पलंगावर केस विंचरत,
काहीतरी विचारत होती.

मी डावा कान मोकळा केला.
"परत सांग ना," म्हटलं.