झाकण

हेल्वे मूळ डिस्कला हात लावत नाही.
नक्कलही नुसती वाचते, तीत लिहीत नाही.
तार्तूत साडेतीनलाच अंधारलंय,
ऑफिसच्या रेडिएटरवर कुणाचे तरी राखाडी मोजे.

कंटेनर केव्हाच मेलाय.
उरलेत थर, एकावर एक,
चौसष्ट अक्षरी नावांचे, हाक मारता न येणारे.

वरच्या थरात एक पोकळ फाइल,
खालचं दिसू नये म्हणून ठेवलेली.
पुसणं म्हणजे इथे एवढंच:
झाकण.

ती ते उचलते.
खाली पगाराची यादी, जशीच्या तशी.
लॉगमध्ये वेळ ग्रिनिचची, बारा सत्तेचाळीस;
हेल्वे बोटांवर दोन तास मिळवते.
त्या रात्री पाळी काल्यूची होती.

मोजेही त्याचेच.

ती हॅश पुन्हा ताडून बघते.
जुळतो.
आणखी एकदा.