पश्चिमेला कॅमेरा वळवायचा नाही

पश्चिमेला कॅमेरा वळवायचा नाही, एत्तोरेनं बजावलं होतं,
तिकडे समुद्र आहे.
बाकी तिन्ही अंगांना वाळूच्या टेकड्या,
तेवढ्यातच बसवायचं होतं सगळं मेक्सिको,
वेल्समध्ये, पोर्टकॉलच्या अलीकडे,
सन एकाहत्तर, ऑगस्टचे रविवार.

एत्तोरे बेल्लोनी, आइस्क्रीमवाला.
गाडी गहाण टाकून त्यानं कॅमेरा आणला.
रक्त म्हणून रासबेरीचं सरबत.
घोडा दूधवाल्याचा, म्हातारा,
दर पन्नास पावलांवर, दार आलं समजून, आपोआप थांबायचा.
दुसरं होतं गाढव. ते दुरूनच दाखवायचं.

मला पाद्री केलं.
पोलाद कारखान्यात सावळा मी एकटाच, शमुवेल साळवे,
शिवाय खराखुरा ख्रिस्ती, नगरकडचा,
हे कळल्यावर एत्तोरेनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.
झगा म्हणजे त्याच्या मावशीच्या खिडकीचा पडदा.
आमच्या देवळात असले झगे नसतात, जपमाळही नसते,
पण हे त्याला सांगून काय उपयोग?

गोष्ट साधी. भाऊ मारला गेला, त्याचा सूड.
सूड घेणारा ग्विलिम, क्रेन चालवायचा.
खलनायक हेडन प्रॉसर, आमचा फोरमन,
मिशीमुळे निवडला, असं एत्तोरे म्हणायचा.
एत्तोरेला ठाऊक नव्हतं, आम्हा सगळ्यांना होतं:
ग्विलिमचा भाऊ खरंच गेला होता,
जानेवारीत, रात्रपाळीला, तुटलेल्या साखळीखाली.
साखळी बदला म्हणून दोनदा लिहून दिलेला कागद
हेडनच्या खणात सापडला.
चौकशी झाली. चहा झाला. कुणाचं नाव निघालं नाही.
मग हेडन या सिनेमात आला कशाला?
मला वाटतं, गोळी खायला.

शेवटचा रविवार. एकच रीळ उरलेलं.
चर्च म्हणजे रेल्वेच्या स्लीपरांचा क्रूस,
वाऱ्यात पडू नये म्हणून मागे एक पोरगा लपून धरून बसलेला.
हेडन गुडघ्यांवर. मध्ये मी.
पहिल्या गोळीला मी मरायचं, असं ठरलेलं.
ग्विलिम चालत आला.
सकाळचं पिस्तूल पत्र्याचं होतं,
हे मनगट खाली ओढत होतं.
मी एत्तोरेकडे पाहिलं.
तो कॅमेऱ्याला डोळा लावून रडत होता,
किती खरं, किती खरं.

मला पढवलेली ओळ इंग्रजीत होती, देवाबद्दल.
ती वाळूत कुठं पडली, सापडेना.
झग्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.
आणि तोंडातून निघालं
आई दारात आलेल्या कुणालाही विचारायची तेच:
जेवलास का रे, बाळा?

ग्विलिमला मराठी काय कळणार.
पण तो थांबला,
दूधवाल्याच्या घोड्यासारखा, सवयीच्या दाराशी.
हात खाली आला. रीळ संपल्याची फटफट ऐकू आली.
हेडन तसाच गुडघ्यांवर. कुणी त्याला ऊठ म्हटलं नाही.
ग्विलिम पाण्याकडे, म्हणजे पश्चिमेला, चालत गेला,
आला तो मोकळ्या हातांनी.
मी काही विचारलं नाही.

सिनेमा एकदाच लागला, नोव्हेंबरात,
खाणकामगारांच्या हॉलमध्ये.
शेवट नव्हताच, तो एत्तोरेनं ढगांवर ढकलला.
आवाज कार्डिफच्या कुणा नटाचा डकवलेला:
माझे ओठ हलतात, आणि तो घोगऱ्या गळ्यानं सांगतो,
मुला, न्याय वरचा करील.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
ओठ आणि शब्द जुळत नव्हते,
पण असल्या सिनेमांत ते कुठं जुळतात?

मागच्या रांगेत हेडन होता, टोपी मांडीवर.
एक खुर्ची सोडून ग्विलिम, चिप्स खात.
दिवे लागले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
ग्विलिम उठला, अर्धा कागद मधल्या खुर्चीवर ठेवून
बाहेर निघून गेला.
चिप्स गार झाले असतील.
व्हिनेगरचा वास मात्र माझ्यापर्यंत येत होता.