गेले नऊ

पालिकेतल्या शर्वाणीने कोरा कागद हातात ठेवलाय.
"आजोबा, वाळपईला लोकांनी का यावं,
दहा कारणं लिहा. छोटी. फोटोखाली मावतील अशी."

एकतीस वर्षं कदंबात तिकिटं फाडली मी.
कुठे, एवढंच विचारायचो.
का, हे विचारायचं खातं आमचं नव्हतं.

तरी लिहितो.

वाघेरीचा डोंगर.
लांबून पाठ फिरवून निजलेला माणूस वाटतो,
अंगावर चढलात की कळतं, जागाच आहे,
आणि तुमची बडबड ऐकतोय.

म्हादई.
पावसाळ्यात तिच्यावर रबरी होड्या सोडतात.
शिरस्त्राणं घातलेले इंजिनिअर ओरडत जातात
आणि काठावर म्हशी धुणारा शाबी
प्रत्येक होडीला हात करतो,
जणू त्याच्याकडचेच पाहुणे
चुकून पुढच्या घरी चाललेत.

जळवा.
हे शर्वाणी खोडणार. खोडू दे.
पण ज्याने मोज्यातून जळू काढून मीठ लावलं,
आपलं रक्त एका थेंबात नीट पाहिलं,
तो संध्याकाळी बाजारात येऊन
पातळ भाजीबरोबर पाच उंडे खातो
आणि घरी फोन करून आईशी विनाकारण बोलतो.

फोन.
वर रेंज नाही.
हे कारण की तक्रार, ते येणाऱ्याने ठरवावं.

एवढ्यावर हात थांबला.

मी आता वर जात नाही. गुडघे.
घाटातल्या वळणांना उभ्याने तोल देत
आयुष्य काढलं, त्याची ही पेन्शन.
म्हाळू नेतो लोकांना. पोर चांगलं आहे, भरभर चालतं.
मी पायथ्याशी भिरंडीखाली बसतो
आणि सवयीने मोजतो:
गेले नऊ.
आले नऊ.
मग घरी जातो.

गेल्या नोव्हेंबरात आले आठ.

नववी बाई मडगावची, बँकेत कॅशियर,
समुद्राकाठी बावन्न वर्षं काढलेली,
गोव्याला हे टोक आहे हे ऐकून माहीत असलेली.
म्हाळू शिव्या घालत परत वर पळाला.
मी बॅटरी लावून बसलो, बंद केली, परत लावली.
गव्यांची वेळ झाली होती.
तिच्या भावाला काय सांगायचं
याची तीन वाक्यं जुळवली, तिन्ही मोडली.

साडेसातला दोघं उतरली.
मी रागावलो, कधी मुलीवर रागावलो नसेन इतका.
ती शांतपणे बुटांतले खडे काढत म्हणाली,
"समोरच्या डोंगररांगा मोजत होते हो.
सात मोजल्या, तर मागे आठवी.
पुन्हा मोजल्या, तर नऊ.
रक्कम जुळल्याशिवाय उठायची सवय नाही मला.
मग अंधार पडत गेला,
मागून एकेक रांग कमी होत आली,
शून्य झालं.
म्हटलं, जुळलं एकदाचं. उठले."

मला काय बोलावं कळेना.
इतकी वर्षं रोज संध्याकाळी
बॅगेतली नाणी मोजली, त्या हाताने
तिला चहा दिला.
साखर जास्त पडली.
तिने दोन कप घेतले.

शर्वाणी, दहा होत नाहीत.
चार झाली, त्यांतलं एक तू खोडणार.
पाचवं लिहू का,
की इथे खाली कुणीतरी बसलेलं असतं,
तुमचं नाव माहीत नसलेलं,
आणि तुमच्यावाचून त्याचा आकडा जुळत नाही?

फोटोखाली मावणार नाही, ठाऊक आहे.

थांब जरा, कागद धर.
बेळगावची गाडी लागली वाटतं.
मोठी पाच,
आणि टोपी डोळ्यांवर आलेली एक चिमुरडी,
अर्धं तिकीट.

सहा.
मोजताना मी पूर्णच धरतो.