ऑर्केस्ट्राच्या जागी मी

लिएपायाच्या संगीतशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
चौदा नंबरच्या खोलीत
मी एकवीस वर्षं ऑर्केस्ट्रा होते.
साठ माणसांचं काम दहा बोटांनी:
डाव्या हातात चेलो, डबल बास, नगारे,
उजव्यात बासऱ्या, आणि जमलंच तर करंगळीवर ओबो.
पगार मात्र एकाच माणसाचा.

मादारा आली तेव्हा नऊ वर्षांची होती.
बूट बर्फाने भिजलेले, मोजे दोन रंगांचे.
वडील बंदरात क्रेन चालवायचे
आणि टोपी हातात धरून दाराशी उभे राहायचे,
जणू आत डॉक्टर बसलाय.
पहिल्याच दिवशी तिने विचारलं,
‘तुम्ही थांबलात तर मीपण थांबायचं का?’
म्हटलं, तू थांबलीस तर मी थांबेन.
उलट नाही.

एवढाच काय तो आमचा करार.

मग स्पर्धा. रात्रीच्या बसगाड्या,
थर्मासमधला चहा, काळा पाव, शहाजिऱ्याचं चीज.
तिच्या मांडीवर व्हायोलिन,
माझ्या मांडीवर तिचं डोकं.
परीक्षक म्हणायचे, सुरुवातीचा पियानो गाळा हो,
वेळ नाही, शेवटच्या आठ मात्रांवरून घ्या.
मी गाळायचे.
आठ मात्रांत तिच्यापुरती वाट झाडून द्यायची
आणि बाजूला सरायचं.
हे मला झकास जमायचं.

कौनासला तिसरी. ग्दान्स्कला दुसरी.
सतराव्या वर्षी हेलसिंकीत पहिली.
टाळ्या सुरू असताना तिने मान वळवून पाहिलं.
मी खाली वाकून पडलेली पानं गोळा करत होते.

त्यानंतर सगळं उताराला लागल्यासारखं झालं,
म्हणजे वर जाणारा उतार, असा कुठे असतो तर.
एजंट आला. गाऊन आले.
झुरिकच्या कुठल्याशा ट्रस्टने
तीनशे वर्षांचं व्हायोलिन दिलं, पाच वर्षांच्या बोलीवर.
मला दाखवायला घेऊन आली. हात लावायचं धाडस होईना.
हनुवटीच्या जागी वार्निश उडालेलं,
कुणाकुणाच्या घामाने, कोण जाणे.
‘माझ्यानंतर दुसऱ्या कुणाकडे जाईल,’ ती म्हणाली,
भाड्याच्या खोलीबद्दल बोलावं तशी.
मानेवरचा काळसर वण तेवढा तिचा स्वतःचा.

आता तिच्यामागे खरेखुरे साठ जण असतात.
मी रेडिओवर ऐकते, बटाटे सोलत,
हॅम्बर्गहून थेट.
लांबलचक प्रस्तावना अख्खी वाजते, कुणी गाळत नाही,
आणि माझी सुरी आपोआप थांबते,
कारण पहिल्या सुराच्या आधी
नाकातून एक श्वास येतो, छोटा, जरा घाईचा,
सर्दी झालेल्या पोरीचा.
निवेदक नंतर स्वरांच्या झळाळीबद्दल पुष्कळ बोलतो.
त्याला तो ऐकूच आलेला नसतो.

जानेवारीत आली, ओसाकाला निघायच्या आदल्या दिवशी.
खोली तीच. हीटर टकटक करतो,
पियानोची वरची एक काळी पट्टी अजून अडकते.
‘पहिल्यापासून,’ म्हणाली, ‘काही न गाळता.’

कधी नव्हे ती मी सगळी वाजवली,
आखडलेल्या बोटांनी, दोनदा चुकून.
ती खिडकीशी उभी, व्हायोलिन खाली धरून,
घरच्या माणसाचं आवरेपर्यंत
चपला घालून दाराशी थांबावं तशी.
मग तो श्वास. मग ती.

तिसऱ्या पानावर मधेच थांबली,
अर्धा सूर हवेत सोडून.

मी थांबले.

‘काही नाही,’ म्हणाली, ‘बघत होते.
साठ जण थांबत नाहीत.’

आणि नाक पुसून
पुन्हा त्याच जागेवरून.
काळी पट्टी अडकली, नेहमीसारखी.