नोंद एकेचाळीस

धुळ्याच्या सिव्हिलात, चौदा नंबरच्या खोलीत
कूलर नुसता आवाज करतो.
कौतिकबाई भामरे, वय बासष्ट, राहणार कापडणे.
गोळी : हृदयाची, रोज एक, अकरा वर्षं.
नाडी : चोपन्न.

माझा प्रश्न सोपा आहे, निदान कागदावर :
ही गोळी रक्तातलं कॅल्शियम खाली ओढते का?
साठ माणसं हवीत. सर म्हणालेत,
आकडे आण, गोष्टी नकोत.

"माले काय व्हयेल नही," बाई म्हणते,
"ओठले मुंग्या येतस, तेवढंच."

दंडाला पट्टा बांधतो, फुगवतो,
तीन मिनिटं तसाच ठेवतो.
दुसऱ्याच मिनिटाला हात आपोआप वळतो :
मनगट खाली, अंगठा आत,
बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली.
बाई त्याच्याकडे बघते, ओळखीचा चोर दिसावा तशी.
"हाऊच तो. यानीच मन्हा मांडा फाडा."

मग ती सांगते, आणि मी पेन खाली ठेवतो.
पंचक्रोशीतल्या लग्नांना तिला बोलावणं असायचं.
पुरणाचा उंडा हातांवर घ्यायचा,
मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत नेायचा,
पलीकडचा दिवा दिसेल इतका पातळ,
आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायचा.
दोन वर्षांपूर्वी भर मांडवात हात आखडला,
मांडा चुलीत.
भावकी म्हणाली, वय झालं.
डॉक्टर म्हणाले, नाडी छान आहे.
होतीच छान. गोळीनं छातीचं दार
आतून लावून घेतलं होतं.

संध्याकाळी रिपोर्ट : साडेसहा.
पुन्हा लावला. साडेसहाच.
पोतीचे मणी बाजूला सारल्यावर दिसला
गळ्यावरचा आडवा व्रण.
अकरा वर्षांपूर्वी गाठ काढली, म्हणे.
तिच्यामागच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी
गाठीबरोबर गेल्या असतील. कोण बघतंय.

सर फोनवर : मानेची शस्त्रक्रिया? वगळ. नियम तिसरा.
गोळीवर काही सिद्ध झालं नाही.
एकेचाळीसवर आता दुसरं कुणी येईल.

रात्री शिरेतून कॅल्शियम, अगदी सावकाश.
मी मॉनिटरच्या हिरव्या रेषेजवळ स्टूल ओढून बसलो.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात बाई
ओला टॉवेल दोन्ही हातांवर झुलवत होती,
कोपरापर्यंत, आणि परत.
"तुन्ही वहीमा मन्हं नाव शे ना, भाऊ?"
हो म्हणालो.
आहे. समासात, पेन्सिलीनं.