पासंग

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
सत्तावीस वर्षं मी मापाडी आहे.
काटा स्थिर व्हायच्या आत
आकडा बोललो नाही कधी.
गोणी थरथरते, काटा थरथरतो,
व्यापारी म्हणतो, लिही रे अण्णा, लिही,
आणि मी थांबतो.
केतकीला देण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं.
ते दिलं गेलं हे मला फार उशिरा कळलं.

घणसोलीच्या खोलीत
मोरीपासून गॅलरीच्या भिंतीपर्यंत भरतात साडेपाच मीटर.
दहा हवेत.
म्हणून काळा ठिपका लहान केला आम्ही
त्रैराशिक मांडून,
रुपयाच्या नाण्याहून लहान.
रोज पहाटे ती कातडी जाकिटात उभी,
बंदूक रिकामी,
आणि घरात फक्त टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक्.
शेजारच्या बाबरवहिनी विचारायच्या,
तुमच्याकडे पाल फार चुकचुकते का हो?
तिची आई तेवढा वेळ मिक्सर लावायची नाही,
कूट जिन्यात बसून करायची, खलबत्त्यात.

नळीला वजन लावतात म्हणाली,
तर मी जुन्या तराजूतलं पन्नास ग्रॅमचं काढून आणलं,
पाठीवर वैधमापनचे शिक्के, वर्षामागून वर्ष.
ती हसली. बाबा, तिथेही शिक्के मारतात,
बंदुकीला, जाकिटाला, बुटांना.
मला बरं वाटलं.
शिक्का असतो तिथे भांडणं निदान नीट होतात.

आशियाई खेळांची फायनल सकाळी सातला,
ऐन लिलावात.
ज्ञानू पिसाळनं मोबाइल
बटाट्याच्या गोणीला टेकवून ठेवला.
आठ जणी. मग सात. मग सहा, पाच.
पडद्यावर तिचा चेहरा अर्धाच,
एका डोळ्यापुढे पांढरी पट्टी,
आणि कोपऱ्यात तिच्या काळजाचे ठोके, आकड्यात:
एकशे अडतीस.
माझे कोणी मोजत नव्हतं.

विसावी गोळी.
तिनं बंदूक उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली.
काटा स्थिर होत नव्हता, मला इथून दिसत होतं.
घड्याळ व्यापाऱ्यासारखं मागे लागलेलं.
दहा पूर्णांक एक.

चौथी. एक दशांशानं.
एवढं तर आपण बारदानाला सोडतो, ज्ञानू म्हणाला.
मागून कोणीतरी म्हणालं,
जगाच्या पासंगालाही पुरत नाही आपली माणसं.
मी वळून पाहिलं नाही.
पासंग म्हणजे काय, त्याला ठाऊक नसावं.
रिकामा तराजू खरा उभा राहावा
म्हणून दांडीला बांधलेला खडा.
पंचेचाळीस किलो आठशे, मी पुढच्या गोणीचा आकडा बोललो,
जरा मोठ्यानं.

ती आली तेव्हा गेटवर फलक होता,
नावातली वेलांटी चुकलेली.
जेवताना म्हणाली,
ती गोळी दहा पूर्णांक एकच होती, बाबा.
यंत्र बरोबर होतं.
आणि भात मागितला.

चार वीसला मी बाजाराला निघतो.
चपला हातात घेऊन दार ओढलं, तर आतून
टक्.
जिन्यात थांबलो.
दुसरा ऐकू येईपर्यंत
पायरी उतरलो नाही.