सहा फ्रेम

मे महिना, रात्रीचे साडेअकरा.
कुलरमध्ये तिसरी बादली ओतून झाली.
खसाच्या ओल्या वासात
माझा पहिला माणूस जन्मतो,
निळा सदरा, चेहरा अजून नाही,
आणि जन्मताच
जमिनीतून आरपार पडत जातो,
पडद्याच्या बाहेर,
उणे चार हजार, उणे नऊ हजार,
नुसते आकडे पळत राहतात.

जमीन मी काढली होती.
विटा, वर गवताची पाती.
पण ही जमीन आहे
हे त्याला सांगायचं राहिलं होतं.

पंचवीस वर्षं खेळले,
कधी वाटलं नाही
की पायाखालचंही कुणीतरी
ओळ ओळ लिहून ठेवलेलं असतं.

दिवसभर मी बर्डीवर, चष्म्याच्या दुकानात.
हा स्पष्ट की हा? आता? आणि आता?
रात्री घरीही तेच.
गुरुत्व नऊशे, दगड.
गुरुत्व तीनशे, लग्नातला फुगा.
सहाशे चाळीस.
आता?

शिकवणारा व्हिडिओतला पोरगा
'सोपं आहे' म्हणतो.
मी त्याला थांबवते, मागे नेते,
पुन्हा सोपं म्हणायला लावते,
आणि बिलबुकाच्या पाठीवर उतरवून घेते.
एक चूक आठवडाभर हलत नव्हती,
माणूस भिंतीला चिकटून थरथरायचा.
शेवटी पडद्यापुढे हात जोडले,
घेऊन जा गे मारबत!
नाही नेली.
एकशे बाराव्या ओळीत उणेचं चिन्ह राहिलं होतं,
ते मलाच ठेवावं लागलं.

सक्करदऱ्याला, बुधवार बाजाराच्या मागे
निखारे काकांचं पार्लर होतं.
तीन टीव्ही, तीन रुपयांत पंधरा मिनिटं,
आणि पोरांच्या घोळक्यात मी एकटी पोरगी.
सरकत्या पुलाच्या दरीत सगळे पडायचे.
मी नाही.
'हिचा पाय काठाले चिकटते बे,'
मंगेश ढोक म्हणाला होता एकदा.
ते वाक्य मी जपून ठेवलं,
दहावीच्या निकालात,
मोडलेल्या साखरपुड्यात,
बाबांच्या डायलिसिसच्या खुर्चीशेजारी.
काही नाही तर नाही,
माझा पाय काठाला चिकटतो.

आज रात्री वाचलं
की काठ सुटल्यावरही
चांगला खेळ सहा फ्रेम थांबतो.
सेकंदाचा दहावा भाग.
पाय हवेत असतो
आणि खेळ जमीन असल्यासारखं करतो,
उडी मारू देतो.

म्हणजे मला उशीर व्हायचा.
दरवेळी.
फक्त माझा उशीर त्या सहांत बसायचा,
आणि कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी रात्री,
मला न ओळखणाऱ्या कुणीतरी
तो आधीच हिशेबात धरला होता.

लाईन गेली. कुलर गप्प झाला.
लॅपटॉपच्या उजेडात बसून राहिले.
आधी राग आला, खरं सांगते,
कुणी मेडल परत मागितल्यासारखा.
मग आठवलं,
माझी पंधरा मिनिटं संपत आली की
निखारे काका नेमके उठायचे,
खर्रा आणायला.
पानठेला समोरच होता.
तरी वीस मिनिटं लागायची त्यांना.

मी सहा लिहिलं.
चालवून पाहिलं. राहू दिलं.

रविवारी बहिणीचा रिद्धेश आला.
माणसाला आता चेहरा आहे, दोन ठिपके.
तिसऱ्या खड्ड्याशी रिद्धेश चुकला,
काठाच्या चांगला दोन बोटं पुढे गेला,
मग बटण दाबलं,
आणि पलीकडे.

'पाह्यलं का मावशी? आपला टायमिंग!'

पाह्यलं.
'हाव बे,' मी म्हटलं,
आणि कुलरमध्ये पाणी टाकायला उठले.
टाकी अर्धी भरलेलीच होती.